एकशे पासष्ट व्होल्ट

२१ एप्रिल
खुलताबाद रोडचा कॅराव्हॅन कॅम्प. तिसरा दिवस. बारा वाजल्यापासून एसी बंद, गाडीची भट्टी झालीय. ह्यांनी सॉकेटला मीटर लावला. १६५. "दोनशे तीस पाहिजे," म्हणाले, माझ्याकडं बघून. जणू मीच कमी देतेय.
चिकलठाण्याचा फ्लॅट भाड्यानं दिला. रिटायर झाल्यावर वर्षभर घर चाकावर घेऊन फिरायचं, हे ह्यांचं स्वप्न. मला विचारलं होतं का? विचारलं होतं. मी हो म्हणाले होते. तेच टोचतं.

२२ एप्रिल
सकाळी कॅम्पवाल्या बनकरशी ह्यांचं वाजलं. तो म्हणाला, "काका, दिवसा शेतीची लाईन येती. आजूबाजूच्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज बसतं. म्या काय करू? पाचनंतर बगा, लई भारी चालतंय."
"छत्तीस वर्षं कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलाय मी. मला शिकवू नको."
शेजारी नवी गाडी आली. सिल्लोडचे सलीमभाई नि त्यांची म्हातारी आई. अम्मींना दर्ग्याला जायचं होतं, पण ऑक्सिजनचं मशीन सतत लागतं, बसून प्रवास झेपत नाही. म्हणून बेडवाली गाडी भाड्यानं केली. मला 'बेटी' म्हणाल्या. साठीच्या बाईला! किती वर्षांनी कुणी म्हटलं.

२३ एप्रिल
हे शहरात जाऊन भलामोठा स्टॅबिलायझर घेऊन आले. एक वाजता एसी सुरू! मी दोन तास गाढ झोपले. "मानलं तुम्हाला," म्हणाले. ह्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

२४ एप्रिल
दुपारी शेजारून पीं-पीं आवाज. सलीमभाई घामाघूम, वायरी तपासत होते.
"आपा, तुमच्या गाडीत लाईट बरोबर है क्या? अम्मी की मशीन कल से बंद-चालू होरी. आये उस दिन चल रही थी."
आमचं ठीक आहे, मी म्हणाले. त्यांनी अम्मींना छोटं सिलिंडर लावलं.
आत येऊन ह्यांना सांगितलं. पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "लाईन एकच आहे. आपला स्टॅबिलायझर जास्त करंट ओढतो. त्यांचं व्होल्टेज पडणारच."
"तुम्हाला माहीत होतं?"
"मला नाही तर कुणाला माहीत असणार? त्यांनीही आणावा स्टॅबिलायझर. ज्यानं त्यानं आपापलं बघावं."
छत्तीस वर्षांची विद्या.
भांडले. खूप बोलले. पण एसीत बसूनच भांडले. ते आता, लिहिताना लक्षात येतंय. पाच वाजेपर्यंत एसी चालू होता.

२५ एप्रिल
बाराला मी स्टॅबिलायझरचा प्लग काढला. ह्यांनी लावला. परत काढला.
"उकाड्यानं तुझं बीपी वाढलं तर?"
"माझ्या बीपीचं नाव पुढं करू नका."
तशीच सलीमभाईंकडं गेले, सगळं सांगितलं. सिलिंडर सकाळीच संपलं होतं. अम्मींचे ओठ निळसर. मशीन चालू झालं तरी धाप थांबेना. सलीमभाई ओरडले नाहीत. "कल बोलना था, आपा," एवढंच.
बनकरनं जीप काढली. अम्मींना मागं आडवं केलं नि शहरात नेलं. दर्गा इथून दहा मिनिटांवर. तो राहिलाच.

२६ एप्रिल
भाड्याच्या गाडीचा मालक गाडी न्यायला आला. त्याला विचारलं. "ॲडमिट है," म्हणाला, बाकी माहीत नाही. सलीमभाईंचा नंबर मागून घेतला.
हे म्हणाले, "वय झालेलं होतं. लाईटमुळंच झालं कशावरून?" खरंही असेल. ह्या माणसाचं बोलणं कायम खरंच असतं. मला त्याचीच चीड येते.

२७ एप्रिल
एसी बंदच आहे. हे लावत नाहीत, मी लावा म्हणत नाही. आज लाईन १८० म्हणे. विचारलं कुणी?
उद्या गंगापूरकडं निघायचं म्हणतात, तिथल्या कॅम्पला व्होल्टेज चांगलंय. मी म्हटलं, मला जाताना स्टँडवर सोडा. "जाणार कुठं? फ्लॅटमध्ये भाडेकरू आहेत." हेही खरंच.

२८ एप्रिल
निघालो नाही. तीनदा नंबर काढून ठेवून दिला. शेवटी अकरा वाजता लावला.
"हॅलो, कौन?"
नाव सांगितलं. मागं कुणीतरी बायका बोलत होत्या, दवाखाना की घर, कळेना.
मग सलीमभाई म्हणाले, "बोलो, आपा."
अम्मी कशा आहेत, तीन शब्द. तेवढे तोंडातून काढले, नि ऐकायला फोन कानाशी घट्ट धरला.