खांद्यावरचा हात व इतर मालमत्ता

मी खाली सही करणारी, वय वर्षं शहात्तर, व्यवसाय फोटोंचं टचिंग (सध्या बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला लिहून झाल्यावर डॉक्टरांनी माझंच पेन स्वतःच्या खिशात घातलं, तेव्हा तपासणी नेमकी कुणाची व्हायला हवी होती हे वाचणाऱ्याने ठरवावं. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. मुलगी मजकूर लिहून घेते आहे आणि मधेमधे तोंड घालते आहे, त्याला दडपण म्हणत नाहीत.

एक. राहतं घर, दोन खोल्या व गॅलरी, मुलीला. न्हाणीघराचं दार खालून लाथ मारल्याशिवाय लागत नाही. जावयांनी ते दुरुस्त करू नये. मागे त्यांनी नळ दुरुस्त केला, तेव्हा खालच्या मजल्यावरची माणसं छत्री उघडून जेवली होती.

दोन. बँकेतली शिल्लकही तिलाच. भांडायला दुसरं कुणी नाही, आणि शिल्लक भांडण्याइतकी नाही.

तीन. टचिंगचं टेबल, ब्रश, पेन्सिली आणि ब्लेडं जवळच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला. यजमानांचा स्टुडिओ होता. ते पुढे फोटो काढत आणि मी मागच्या खोलीत माणसं सुधारत असे. आमच्या गल्लीतली निम्मी लग्नं माझ्या ब्रशने जमली. नंतर जे दिसलं त्याला मी जबाबदार नाही.

चार. ती गल्ली अडतीस वर्षांपूर्वी रस्ता रुंद करण्यासाठी पाडली आणि माणसं पांगली. चार वर्षांपूर्वी औषधवाल्यांनी एकेकाला शोधून फोनवर ‘आपली गल्ली’ हा ग्रुप काढला. जुने फोटो, जुन्या गोष्टी तिथे येतात. ग्रुपचं अ‍ॅडमिनपद त्यांनी मला वयाचा मान म्हणून दिलं, ते मी त्यांना परत करते. अट एकच. प्रत्येक फोटोत स्वतःचं दुकान शोधणं त्यांनी थांबवावं. तळ्याच्या फोटोखालीसुद्धा त्यांनी लिहिलं होतं, “डावीकडे, फोटोच्या बाहेर, आमचं दुकान.”

पाच. गल्ली सोडायच्या दिवशी यजमानांनी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला. त्याची प्रत घरोघर आहे. मी मागच्या रांगेत टोकाला उभी आहे. माझ्या खांद्यावर एक हात आहे आणि त्या हाताला माणूस नाही, मागे नुसती भिंत. ग्रुपवर चार वर्षं याचीच चर्चा. औषधवाले म्हणतात, “काकू, हा हात आमच्या वडिलांचा. लावा पैज!” पोस्टमनची मुलगी म्हणते, भूत. मी तोंड मिटून मजा पाहिली.

तो हात माझ्या धाकट्या जावेचा आहे. तिला मी काढून टाकलं. मोठा प्रिंट घेऊन ती ब्लेडने खरवडली, तिच्या जागी भिंत रंगवली, त्याचा पुन्हा फोटो काढवला आणि त्या प्रती वाटल्या. घराचा वरचा मजला तिच्या नावावर होता, खालचा माझ्या. घरं सोडण्याच्या संमतीपत्रावर गल्लीतली पहिली सही तिने केली, हा तिचा गुन्हा. मोठी माणसं मला म्हणाली, “बरं केलंस.” ती आता राहिली नाहीत. उरलेली तेव्हा पोरं होती, त्यांना एवढंच ठाऊक की एका काकूमुळे गल्ली गेली. ग्रुपमध्ये तिला कुणी घेतलं नाही. मीही नाही.

आता खरं. तिने सकाळी सही केली. मी त्याच दिवशी दुपारी जाऊन केली. गल्लीला सकाळ कळली, दुपार मी आजवर कळू दिली नाही. हात तसाच कसा राहिला, असं विचाराल. माझ्या कामात चुका होत नसत. हातापर्यंत आले आणि ब्लेड पुढे चालेना. ती मला हवी होती, त्या दिवशीही.

मूळ निगेटिव्ह पत्र्याच्या डब्यात शाबूत आहे. माझ्या मृत्यूनंतर तिची प्रत व वरील कबुली ग्रुपवर टाकावी आणि निगेटिव्ह जावेला द्यावी.

इथे मुलीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, “आई, मेल्यावर माफी मागायची म्हणजे बरंय की. काकूने चार शब्द सुनावले, तरी तू ऐकायला कुठे असणार?”

मी म्हटलं, “तुला लिहायला बसवलंय.”

“मग लिही तूच,” म्हणाली आणि उठून गेली.

सबब वरच्या परिच्छेदात ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द खोडून ‘आज’ असं वाचावं. खाडाखोड माझ्या हातची आहे.

सहा. पुरवणी, त्याच दिवशी सायंकाळी. जावेला ग्रुपमध्ये घेतलं, निगेटिव्हवरून प्रत काढवून मूळ फोटो टाकला, कबुली टाकली. तिचा नंबर मुलीकडे होता. किती वर्षांपासून, ते मी विचारलं नाही. या फोटोत औषधवाल्यांनी दुकान शोधलं नाही. त्यांनी लिहिलं, “काकू, आमच्या वडिलांनीही त्याच दिवशी सही केली होती. दुकान बंद केल्यावर.” मग पोस्टमनची मुलगी बोलली. मग शिंपी. दिवेलागणीपर्यंत अशी नऊ घरं निघाली. गल्लीत होती अकरा.

सव्वासातला जावेचा फोन आला. हॅलो नाही, कशा आहात नाही.

“ताई, या फोटोत माझे डोळे मिटलेत. अडतीस वर्षं तुमच्याजवळ होता, एवढं टचिंग करायला काय झालं होतं?”

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. तिने माझं रडणं संपू दिलं. मग म्हणाली, “रविवारी येते. समोर बसून करून घेईन. तुमचा भरवसा नाही.”

सबब हे मृत्युपत्र रविवारपर्यंत अमलात येणार नाही. पुढचं पुढे पाहू.

सही: थोरली जाऊ, टचिंगवाली

साक्षीदार (सही आमच्यासमोर झाली, मजकूर आम्ही वाचलेला नाही):
१. समोरच्या घरातल्या नर्सबाई
२. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हर

स्थळ: राहतं घर, मागची खोली, खिडकीजवळ
दिनांक: ८ फेब्रुवारी २०२४, गुरुवार