भिंतीवरचा वेगाचा तक्ता

३ नोव्हेंबर, सोमवार
वर्ध्याच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी स्क्रम मास्टर झाले, म्हणजे टीमचं काम आखून पुढे सरकवणारी. आईला फोन केला. म्हणाली, मास्तरीण झाली म्हन. म्हटलं, हो. घरात मीच पहिली ग्रॅज्युएट, समजावायला वेळ लागेल.
आजपासून टीमचा वेग मोजणार. कामाच्या अवघडपणानुसार पॉइंट, शुक्रवारी बेरीज. तक्ता भिंतीवर. खाली लाल शाईत : 'हा तक्ता शिकण्यासाठी आहे, तुलनेसाठी नाही.' आता गैरसमज शक्यच नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
तिघांच्या टीमचे एकूण २१. त्यातला रजत म्हणाला, नावं बी टाका ना मॅडम, कोन किती करून राह्यलं ते दिसू द्या. पारदर्शकता! टाकली. आदेश १०, रजत ९, काजल २.
काजल दिवसभर या दोघांच्या चुका शोधून देते. त्याला पॉइंट नाहीत. विचार करणार.

१४ नोव्हेंबर
एकूण ५८! टीम परिपक्व होत आहे. बटणाचा रंग बदलायला आठ पॉइंट. आदेश म्हणाला, रंग पसंत करनं सोपं नाई राह्यत, मॅडम. पटलं. काजल १.

१९ नोव्हेंबर
मालक बबनराव तक्त्यासमोर थांबले, मोबाइलवर फोटो काढला. शेवटी त्यांनाही मोजमापाची गोडी लागली!

२१ नोव्हेंबर
बबनरावांनी विचारलं, हे काजल काऊन इतकी खाली? लाल ओळ दाखवली. म्हणाले, वाचली, अक्षर मस्त आहे तुमचं. महिनाअखेर काजलला काढणार. मी कडाडून विरोध केला. मनात. सोमवारी तोंडाने करीन.

२४ नोव्हेंबर
विरोधापेक्षा उपाय बरा. आजपासून मदतीलाही पॉइंट. रजतने आदेशला चहा आणून दिला : ३. काजलला म्हटलं, तुझी मदत लिहून ठेव. म्हणाली, लिहत बसली तं मदत कधी करू, ताई?

२८ नोव्हेंबर
एकूण ९४. काजल ०. बबनराव म्हणाले, आकडे तुमचेच ना मॅडम? म्हटलं, हो. एवढंच बोलणं झालं.
सामान घेऊन कायमची जाताना काजल म्हणाली, तक्त्यात मी नाई दिसली, समजलं. पन तुम्हाले तं दिसत होती ना?
मी बॅगेत किल्ली शोधत राहिले.

१ डिसेंबर, सोमवार, सकाळी ११
भाजीबाजाराचं आमचं अ‍ॅप बंद. हिंगणीहून शेतकऱ्यांचे फोनवर फोन. रजत आदेशकडे पाहतो, आदेश माझ्याकडे. काजलला फोन लावला. तिने उचलला. पाऊण तास कोडची एकेक ओळ सांगत होती.

दुपारी १
अ‍ॅप सुरू. आदेशने विचारलं, हे काम कोनाच्या नावावर टाकू? बबनराव म्हणाले, मॅडमच्या टाक, फोन त्यांनीच तं लावला.
तेरा पॉइंट.
या आठवड्यात मी पहिली.