राणीचे कव्हर आणि पोकळ तर्जनी

आदरणीय साडूभाऊ यांस,

एक बोट वजा जाता दोन्ही हातांचा सप्रेम नमस्कार. आपली प्रकृती उत्तम असेल, सौ. ताईंचा गुडघा नेहमीइतकाच कुरकुरत असेल, आणि कॅरमचा बोर्ड आपल्या जेवणाच्या टेबलावर त्या रविवारी होता त्याच अवस्थेत, म्हणजे राणी मी घेतलेली, कव्हर बाकी, आणि माझी पांढरी सोंगटी कोपऱ्याच्या तोंडाशी टेकलेली, असा असेल, हे गृहीत धरून पुढचा मजकूर सांगतो. सांगतो अशासाठी की माझी उजवी तर्जनी मधल्या बोटाला बांधून ठेवलेली असल्याने अक्षर हिचे आहे. कंसात ती काय लिहील यास मी जबाबदार नाही. त्या अटीशिवाय लेखनिक मिळत नव्हती. (भाऊजी, नमस्कार. बोट एक बांधलंय, पण हे पाण्याचा पेलासुद्धा माझ्याकडून मागून घेतात.)

त्या दिवशी काय घडले, ते आपणांस ठाऊक आहे. परंतु आपण ते चुकीच्या बाजूने पाहिलेत. कव्हरासाठी मी टिचकी मारली, स्ट्रायकर जेमतेम सरकला, आणि कट असा आवाज झाला. मला वाटले, स्ट्रायकरला तडा गेला. आपण म्हणालात, "कव्हर गेलं, राणी मध्यभागी ठेवा." मी राणी उचलायला गेलो तेव्हा बोट माझे ऐकेना. सोंगटीला टिचकी मारताना धडधाकट माणसाचे हाड मोडते, यावर आजवर कोणीही विश्वास ठेवलेला नाही. कचेरीत रजेच्या अर्जात मी 'टिचकी मारताना अस्थिभंग' असे खरे ते लिहिले. साहेबांनी 'कारण पटण्याजोगे लिहावे' असा शेरा मारून अर्ज परत पाठवला. (जिन्यावरून पडलो लिहा म्हटलं, तर म्हणाले, आपल्या जिन्याला कठडा आहे, कसा पडेन?)

मी स्वतःही या प्रकरणाकडे संशयानेच पाहत होतो. विमा कंपनीच्या दावे विभागात उभी हयात घालवून मी लोकांना एकच प्रश्न विचारत आलो आहे: वस्तू मोडली हे मान्य, पण मोडण्यापूर्वी ती धड होती काय? हाच प्रश्न मी हाताच्या हाडांच्या डॉक्टरीणबाईंना विचारला. त्यांनी उत्तर न देता माझा एक्स-रे भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर लावला. साडूभाऊ, स्वतःचा हात आतून पाहणे हा मोठा विलक्षण अनुभव आहे. मनगटात खड्यांसारखी लहान लहान हाडे एकमेकांना खेटून बसलेली असतात, आणि ती तशी बसतात म्हणून आपल्याला लोटा उचलता येतो, हे मला या वयापर्यंत कोणी सांगितले नव्हते. ती पाहण्यात मी इतका रमलो की तर्जनीकडे माझे लक्षच गेले नाही. बाईंनी पेनाच्या टोकाने दाखवले. मुळाकडच्या पेराचे हाड आतून जणू कोणी पोखरून नेले होते. भोवती अंड्याच्या कवचासारखी पातळ भिंत, आत पोकळीत साखर सांडल्यासारखे पांढरे ठिपके, आणि भिंतीला आडवी चीर. बाई म्हणाल्या, "ट्यूमर आहे."

(माझ्या हातातली पर्स पडली. हे वाकून चिल्लर गोळा करायला लागले, एका हाताने. पाचेक मिनिटं वर आलेच नाहीत.)

"घाबरू नका, साधी गाठ आहे. हाताच्या हाडात सगळ्यात जास्त हीच सापडते," असे बाई पुढे म्हणाल्या. तिचे नाव एन्कॉन्ड्रोमा. हाडाच्या पोटात कूर्चा, म्हणजे नाकाच्या शेंड्यात असते तसले मऊ हाड, साचत जाते आणि आतून भिंत झिजवते. ते त्यांना नुसत्या चित्रावरून कसे कळले, असे मी विचारले, कारण नुसत्या छायाचित्रावर आम्ही दावा मंजूर करत नाही. त्या रागावल्या नाहीत. कड स्वच्छ आहे, भिंत पातळ असली तरी गाठ तिच्याबाहेर पडलेली नाही, आतले ठिपके कूर्चेचेच असतात, असे एकेक कारण त्यांनी दिले. मग दुसऱ्या हाताचाही एक्स-रे काढवला. अशा गाठी अनेक हाडांत असल्या तर प्रकरण वेगळे असते. दुसरा हात निष्कलंक निघाला. (ती फिल्म हे घरी घेऊन आलेत. खिडकीला चिकटवलीय. दूधवाल्याला मनगट समजावून झालं.)

आता मुख्य मुद्दा. ही गाठ कधीपासून आहे, असे विचारता बाई म्हणाल्या, "वर्षानुवर्षं. वाढीच्या वयापासूनसुद्धा असेल. दुखत नाही, म्हणून कळत नाही." म्हणजे दोष पूर्वीपासूनचा आहे. याचा सरळ अर्थ असा की माझ्या लग्नापासून आजवर आपण माझ्याविरुद्ध जिंकलेला प्रत्येक डाव एका पोकळ हाडाविरुद्ध जिंकलेला आहे. त्या सर्व निकालांचा फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती. (आणि यांनी जिंकलेले? ते धरायचे म्हणे, कारण ते दोष असूनही जिंकले.) मी नेम धरला रे धरला की आपण "बोट मुळाशी जाड दिसतंय हो, दाखवून घ्या कुणाला तरी" असे म्हणत असा. त्यास मी नेम चुकवण्याची क्लृप्ती समजत होतो. त्याविषयी तूर्त अधिक लिहीत नाही. (हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "साडूंचं ऐकायचं होतं." ते वाक्य हे गाळत होते.)

उपचाराचे असे आहे. काही गाठींना हात न लावता नुसती नजर ठेवतात. माझी मोठी आहे, भिंत पातळ आहे, तशीच ठेवली तर पुन्हा मोडेल. म्हणून आधी मोडलेले हाड सांधू द्यायचे, ते होत आले आहे. मग कडेने उघडून लहान चमच्याने पोकळी खरवडून काढायची आणि माझ्याच मनगटाच्या हाडाचा चुरा तीत भरायचा. माझ्याच हाताने माझ्याच बोटाची डागडुजी करावी, ही कल्पना मला फार पसंत पडली. मी एवढेच विचारले की नंतर टिचकी मारता येईल का. बाईंनी औषधाच्या बाटलीचे झाकण टेबलावर ठेवून मला डाव्या हाताने मारून दाखवायला लावली, नीट पाहिली, आणि म्हणाल्या, "बोट थोडं आखडू शकतं. व्यायाम केलात तर बहुतेक येईल." दावे विभागात 'बहुतेक' या शब्दाला काडीची किंमत नाही. येत्या गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. सौ. ताईंस नमस्कार, आपणांस पुन्हा एकवार, तोही एक बोट वजा जाता.

आपला,
साडू

ता. क. — खरवडलेला अंश रिवाज म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला जातो. त्यात काही निघणार नाही. तथापि गुरुवारी आपण बोर्डाच्या सद्यःस्थितीसंबंधी समक्ष निवेदन करावयास आलात, तर सोयीचे होईल. दवाखान्याबाहेर बाक आहे.

ता. क. (माझा) — भाऊजी, बाईंनी तो शब्द उच्चारल्यापासून हे रोज सकाळी मला विचारतात, "साधी म्हणाल्या ना त्या?" गुरुवारी दुसरं कोणी नको म्हणतात. काल म्हणाले, "साडू बाहेर बसलेत म्हटल्यावर मला आत घाबरता येणार नाही." तेव्हा याच. बाकी ताईने बोर्ड त्याच संध्याकाळी आवरून सोंगट्या डब्यात भरल्या, ते मला तिने फोनवर सांगितलंय. तुम्ही यांना "आहे तसाच आहे" म्हणताय, तेवढं चालू ठेवा. हे पत्र मीच पाकिटात घालणार आहे.

डाव्या हाताने — पाकीट मी उघडले. वरचे वाचले. त्या टेबलावर रोज जेवणे होतात, तेव्हा बोर्ड हलला असणार हे मला पहिल्याच फोनला कळले होते. तरी आपण खोटे बोलत राहिलात, आभारी आहे. डाव पहिल्यापासून मांडू. परंतु माझी पांढरी कोपऱ्याच्या तोंडाशी होती, यास आपणच एक साक्षीदार आहात. म्हणून तरी यावे.