आधी फोन कुणी ठेवायचा

प्रिय भिंगरी,

हा खाकी कागद बघून दचकू नकोस. घरात वह्या आहेत, पण कपड्यांचे साचे काढायच्या या कागदावर माझा हात आपोआप चालतो आणि आज तो चालणं गरजेचं आहे. सकाळपासून तीनदा मशीनवर बसले आणि तीनदा उठले. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एकच पाय आखूड करून ठेवला आहे. तो माणूस संध्याकाळी येईल, तेव्हा त्याला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही. तू फोन उचलत नाहीस, म्हणजे माझा उचलत नाहीस. तुझे बाबा रोज झाडांना पाणी घालायला म्हणून फोन घेऊन बाल्कनीत जातात आणि पंचवीस मिनिटं पाणी घालतात. आपल्याकडे कुंड्या तीन. मी विचारत नाही, ते सांगत नाहीत, आणि झाडांची मुळं कुजायला लागली आहेत.

तर बँकेचं. आठ महिन्यांनी आईला पत्र लिहायला विषय सापडला तो बँकेचा, असं तू म्हणशील. काय करू, विषय त्यांनीच पुरवला. दुकानाचं खातं तुझ्याच बँकेत, तू तिथे चिकटायच्या कितीतरी आधीपासून. चार महिन्यांपूर्वी मोठ्या मशीनची मोटर जळली, मी खात्यातून पैसे काढले आणि शिल्लक म्हणे किमान रकमेच्या खाली गेली. म्हणून दोनशे पंच्याण्णव कापले. कापल्याचा मेसेज आला, तर त्या मेसेजचे वेगळे कापले. या कापाकापीने शिल्लक आणखी खाली गेली, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा दंड. तुमच्याकडे पैसे कमी आहेत ना, मग थांबा, आणखी कमी करतो. मीही कापण्याचाच धंदा करते गं, पण कात्री लावण्याआधी माप घेते आणि कापड कुणाचं आहे त्याला विचारते.

मग शाखेत गेले. दारातल्या यंत्राने सत्तेचाळीस नंबरचं टोकन दिलं, भिंतीवरच्या पाटीवर बारा होता. बऱ्याच वेळाने तेरा झाला, तेव्हा माझ्या शेजारच्या आजोबांनी चक्क टाळी वाजवली. पेन दोरीने टेबलाला बांधलेलं. लोकांची आयुष्यभराची पुंजी सांभाळणाऱ्यांना एका पेनाचा भरवसा नाही. चौकशीच्या खिडकीत एक तरुण माणूस बसला होता, अंगात दोन मापं मोठा कोट, डाव्या बाहीची दुमड उसवून लोंबत होती. मी मनातल्या मनात त्याचं नाव कोट ठेवून टाकलं. कोट म्हणाला, 'मॅडम, हे सिस्टिमने कापलंय.' मी म्हटलं, मग सिस्टिमला बोलवा, मी थांबते. तो म्हणाला, 'सिस्टिम वरून चालते.' मी वर बघितलं. वर पंखा होता आणि तो चालत नव्हता. शेवटी त्याने हेल्पलाइनचा नंबर एका चिठोऱ्यावर लिहून दिला, मी त्याला बाहीचं सांगितलं आणि निघाले. दाराजवळ कानाला यंत्र लावून हसणाऱ्या मुलीचं मोठं पोस्टर आहे. त्याच्यासमोर मी जरा जास्तच वेळ उभी राहिले. तुझ्यासारखी ती अजिबात नव्हती. तिचे दात फारच समाधानी होते.

हेल्पलाइनला मी चौदा वेळा फोन केला. हे दाबा, ते दाबा, मागे जायचं असेल तर तारा दाबा. मग वाट बघायचं संगीत, ज्यात एकच बासरी चार सूर वाजवते आणि पाचव्याच्या आत पुन्हा पहिल्यावर येते. मी फोन खांद्यात धरून काजं करत बसायचे. फोन लागला की कधी एखादा घसा बसलेला मुलगा, कधी एखादी मुलगी जी माझी तक्रार मलाच वाचून दाखवायची. एकीने तर विचारलं, 'मॅडम, आपण शिल्लक वाढवून बघितली का?' मी म्हटलं, नाही बाई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ती म्हणाली, 'धन्यवाद, आणखी काही मदत?' मधूनमधून ते वाक्य यायचं: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ते आलं की मी फोन कानापासून लांब धरते. का, ते तुला माहीत आहे.

मावशीकडचं ते जेवण मी हजार वेळा उसवलंय आणि हजार वेळा शिवलंय. अकरा माणसं टेबलाभोवती होती, कुणीतरी तुझ्या नोकरीचं विचारलं आणि तू तोंड उघडायच्या आत मी भाताचा डाव कानाला लावला. तुझा आवाज काढला. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया आयुष्यभर प्रतीक्षा करा.' मला नक्कल जमते, हे माझं दुर्दैव. सगळे हसले, मावशीला तर ठसका लागला. तूही हसलीस, सुरुवातीला. म्हणून मी आणखी ताणलं. एवढं शिकून मुलगी लोकांच्या शिव्या झेलायला बसली, तेही ठरावीक वेळेत, असं काहीतरी म्हणाले. मग तू ताटं गोळा करायला लागलीस, ज्यांचं जेवण चालू होतं त्यांचीही. नंतर दोन आठवड्यांच्या आत तू ऑफिसजवळ खोली घेतलीस. जाताना बाबांना सांगितलंस, मला त्यांच्यामार्फत कळलं.

मध्येच उठून आले. एक बाई ब्लाउज सैल करायला देऊन गेली, आणि तिला मी चक्क म्हटलं, 'आणखी काही मदत?' तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच गडबडले.

खरं सांगायचं तर, आणि आज खरं सांगायलाच बसले आहे, ते पैसे मला दुसऱ्याच खेपेला परत मिळत होते. कोटाने खिडकीतून एक फॉर्म सरकवला होता. 'इथे सही करा मॅडम, दोन दिवसांत जमा होतील.' मी सही केली नाही. म्हटलं, मी हेल्पलाइनवरच बोलेन, माझा तत्त्वाचा प्रश्न आहे. त्याला काय कळणार कसलं तत्त्व ते. तुझ्या त्या हॉलमध्ये दोनशे माणसं बसतात असं तूच सांगितलं होतंस. दोनशेत एक. कधी ना कधी लागला असता.

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तू स्वयंपाकघरात ओट्यावर बसून नियम सांगत होतीस, आठवतं? ओळखीच्या माणसाचा कॉल लागला तर लगेच दुसऱ्याकडे द्यायचा. आणि काहीही झालं तरी आपण आधी फोन ठेवायचा नाही, समोरच्याने ठेवला तरच कॉल संपतो. मी म्हटलं होतं, मग तुझ्या मावशीचा लागला तर निवृत्त होईपर्यंत एकच कॉल पुरेल. तेव्हा तू इतकी हसली होतीस की ओट्यावरून खाली उतरावं लागलं. तेव्हाही मीच विनोद करत होते. पण तेव्हा घरात आपण दोघीच होतो.

पंधरावा फोन मंगळवारी दुपारी केला. समोरच्या पुतळ्यावर एक झगा चढवला होता आणि माझ्या तोंडात चार टाचण्या होत्या, कारण बासरी निदान वीस मिनिटं वाजेल हा अनुभव. तीन मिनिटांत वाजायची थांबली. 'नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?' मी टाचण्या एकेक करून हातात घेतल्या. तू खात्याचे शेवटचे चार आकडे विचारलेस, मी सांगितले. जन्मतारीख विचारलीस. माझी जन्मतारीख तू मला विचारलीस, मी सांगितली आणि तू धन्यवाद म्हणालीस. तोपर्यंत मला वाटत होतं की तू ओळखलं नाहीस. मग तुझा आवाज जरासा अडखळला, समोरच्या पडद्यावर पुढचा प्रश्न आला असणार. खातं उघडताना ओळख पटवायचा प्रश्न मीच निवडला होता, तू तेव्हा शाळेत होतीस. 'आपल्या पहिल्या अपत्याचं घरातलं नाव?' मी म्हटलं, भिंगरी. तू म्हणालीस, 'बरोबर आहे.'

त्यानंतर आपण दोघी काही बोललो नाही. तुझ्या मागे बाकीच्यांचे आवाज येत होते, कुणीतरी कुणालातरी पासवर्ड बदलायला सांगत होतं. तू कॉल दुसऱ्याकडे दिला नाहीस. तुला ठेवता येत नव्हता, मला ठेवायचा नव्हता. चार महिने जे बोलायचं म्हणून फोन करत होते, ते सगळं टाचण्यांसारखं मुठीत धरून उभी होते. ज्या बाईला अकरा माणसांसमोर शब्द कमी पडले नाहीत तिला एकही सापडेना. मग तुझ्याजवळ कुणीतरी आल्यासारखं वाटलं आणि तू म्हणालीस, 'मॅडम, आपण लाइनवर आहात का?' त्या मॅडमवर मी फोन ठेवला. पळून गेले म्हण हवं तर.

आता बँकेची कार्यक्षमता बघ. चार महिने जी हलली नाही ती दोन दिवसांत हलली. मेसेज आला: आपल्या कॉलमध्ये आमच्या प्रतिनिधीकडून नऊ मिनिटं चाळीस सेकंद प्रतिसाद मिळाला नाही, आम्ही दिलगीर आहोत, कापलेली सर्व रक्कम जमा केली आहे आणि प्रतिनिधीवर योग्य ती कारवाई करण्यात येत आहे. त्या दिवशी तुझे बाबा बाल्कनीतून लवकर आत आले. या खेपेला त्यांनी न विचारता सांगितलं. या महिन्याचा तुझा इन्सेंटिव्ह कापला, तुला पुन्हा प्रशिक्षणाला बसवलं, आणि अशी आणखी एक नोंद झाली तर करार पुढे वाढणार नाही. 'तिने तुझं नाव घेतलं नाही हं तिथे,' एवढं बोलून ते पाणी घालायचं राहिलं म्हणून पुन्हा बाहेर गेले.

मी तशीच शाखेत गेले. कोटाला म्हटलं, हे पैसे परत घ्या. तो घाबरला. 'मॅडम, द्यायचा फॉर्म आहे, परत घ्यायचा फॉर्म नाही.' मी म्हटलं, मग पुन्हा दंड लावा, त्याची तर तुम्हाला सवय आहे. तेही सिस्टिमच करते म्हणाला. मग मी त्याला सगळं सांगितलं, तुझं नाव सोडून. तो बराच वेळ पेनाच्या दोरीशी खेळत बसला. दुसऱ्या दिवशी तो कोट पिशवीत घालून दुकानात आला. मी बाही शिवली, खांदेही आत घेतले, आता तो माणसासारखा दिसेल. पैसे घेतले नाहीत. त्याने कॉल तपासणाऱ्या साहेबांचं नाव आणि पत्ता लिहून दिला आणि जाता जाता म्हणाला, 'मॅडम, खरं लिहा, पण तिला विचारून लिहा.' बघ, कोटाला कळतं.

म्हणून हे पत्र. साहेबांना लिहिलेला कागद सोबत जोडला आहे. त्यात लिहिलंय की ती नऊ मिनिटं चाळीस सेकंद गप्प राहिली ती गिऱ्हाईक होती, तिचं काम प्रतिनिधीने चोख केलं होतं, आणि ती गिऱ्हाईक त्या प्रतिनिधीची आई आहे. शेवटचं वाक्य तुला वाचवेल की बुडवेल ते मला ठरवता येत नाही, कारण ओळखीच्या माणसाचा कॉल तू दुसऱ्याकडे दिला नव्हतास. तुझ्याबद्दल एकदा तुला न विचारता तोंड उघडलं, त्याची शिलाई अजून उसवते आहे. तेव्हा पाठवायचा की फाडायचा, ते तू सांग. सांगायला दुकानाच्या नंबरवर फोन कर. इथे बासरी नाही, काही दाबावं लागत नाही, पहिल्या घंटेला उचलेन. तोंडात टाचण्या ठेवणार नाही. तुला काही बोलावंसं वाटलं नाही तरी फोन कर. या वेळी मी आधी ठेवणार नाही.

तुझीच,
आई