हसऱ्या सिस्टरचा चेहरा

प्रिय ठमे,

तू रागावली आहेस, आणि तुझ्या जागी मी असते तर मीही रागावलेच असते. दिवस गेल्याची बातमी फोनवर न सांगता समोर बसून सांगायची म्हणून तू एवढा प्रवास करून आलीस, आणि आईच्या तोंडावरची माशी हलली नाही. तुला आनंद नाही झाला का, असं तू विचारलंस. मी 'झाला की' म्हटलं, तेही दूध नासल्याचं सांगावं तसं. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धा चहा टाकून तू निघालीस. तेव्हापासून तुझे फोन बाबांनाच येतात आणि मी स्वयंपाकघरातून कान लावून ऐकत असते.

बाबांची तर वेगळीच गंमत. उभ्या संसारात ज्या माणसानं कधी 'चुकलं' म्हटलं नाही, तो हल्ली सारखा विचारतो, अगं, माझं काही चुकलं का? मी आपली मजेत भाजी चिरत असते, मनात गाणंसुद्धा चालू असतं, आणि यांना वाटतं, बाई घुश्शात आहे. परवा न सांगता पंखा पुसून ठेवला! आधी मला याचं हसू यायचं. आता येत नाही, कारण ते खरंच घाबरलेत.

मला पार्किन्सन झालाय, ठमे. कंपवात म्हणतात तो. लगेच माझे हात आठवायला जाऊ नकोस. हात फारसे कापत नाहीत, उजवा अंगठा तेवढा आपल्याच नादात असतो. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, गोळ्या लागू पडल्यात, पुष्कळ वर्षं चांगली जातील. ते मला बोटं आपटायला लावतात, दारापर्यंत चालायला लावतात आणि खूश होतात. त्यांचं काही खोटं नाही. पण गणवेशाची बटणं लावताना मला घाम फुटतो. दूध करपलं तरी नाकाला पत्ता नसतो. झोपेत मी बाबांना लाथा मारते, आणि दुपार झाली की हातपाय गळून नुसती बसून राहते. यातलं काहीही मी सोसलं असतं. चेहऱ्याचं सोसवत नाही. या आजारात चेहऱ्याचे स्नायू हलेनासे होतात. आत हसू येतं, बाहेर काही दिसत नाही.

आमच्या प्रसूतिगृहात मला हसऱ्या सिस्टर म्हणायचे, ते तुला ठाऊक आहे. आत काय झालं ते बाहेर डॉक्टरांनीच सांगायचं असा नियम, पण मी दार उघडलं की माझं तोंड बघूनच लोक एकमेकांच्या गळ्यात पडायचे. तू येऊन गेलीस त्यानंतरच्या आठवड्यात असंच दार उघडलं. समोर एका बाळंतिणीची आई बसली होती. ती माझ्याकडे बघत उठली, आणि जागच्या जागी कोसळली. खुर्चीची कड लागून कपाळ फुटलं. मुलगी झाली, दोघी छान आहेत, असं मी नियम मोडून सांगत होते गं. पण आवाजही आता बारीक झालाय. तिच्यापर्यंत पोचलाच नाही. टाके घालताना ती सारखी म्हणत होती, मला वाटलं, दोघीही गेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेट्रन भली बाई, ओरडली नाही. तिनं मला कपड्यांच्या खोलीत बसवलं. आता मी चादरींच्या घड्या घालते आणि भिंतीपलीकडून नवी बाळं रडलेली ऐकते. काम सोपं आहे. रोज सकाळी जाऊ नये असं वाटतं.

चेहऱ्याचे व्यायाम दिलेत. आरशासमोर बसून आ, ई, ऊ करायचं. बाबाही शेजारी बसून करतात, आणि त्यांचीच तोंडं माझ्यापेक्षा मोठी होतात. चेहऱ्यावर हसू येतं कधीकधी, पण उशिरा, आणि मुद्दाम आणलं तरच.

बाळ झाल्यावर तू कामावर जाशील तेव्हा आईनं येऊन सांभाळावं, मनात नसेल तर तसं स्पष्ट सांगावं, असा निरोप तू बाबांकडे ठेवलास. अगं, माझ्या मनात दुसरं काही नाहीच. पण मी जन्मभर बाळं बघितलीत. दीड-दोन महिन्यांचं मूल समोरच्या तोंडाकडे बघून हसतं. ते तोंड हललं नाही तर आधी हातपाय मारतं, मग रडतं, आणि मग मान फिरवतं. मन खचलेल्या बाळंतिणींच्या मांडीवर मी हे पाहिलंय. तुझं बाळ दिवसभर माझ्या तोंडाकडे बघणार, आणि एक दिवस बघायचं सोडून देणार. त्यात त्याचं नुकसान आहे, आणि मला ते झेपणार नाही. म्हणून स्पष्ट सांगते, मी येणार नाही. दुसरी बाई बघ, हसरी बघ. अंघोळ, मालिश, ढेकर, सगळं मी तिला शिकवीन. आणि त्या दिवशी तू सांगितलंस तेव्हा मला इतका आनंद झाला होता की मला खाली बसावं लागलं. तुला तो दिसला नाही. म्हणून लिहून पाठवतेय.

तुझीच,
आई