बाहेरचं बंद

६ जानेवारी

परत उठल्या! पोटावर, मांड्यांवर, गळ्यापर्यंत पित्ताच्या लाल गांधी. दिवाळीपासून हेच. आत्यानं आमसुलाचं पाणी चोळलं, घोंगडीत गुंडाळलं. आई दारातून ओरडली, "त्या फरहीनच्या डब्यातलं खातीस, दुसरं काय हाय?" आत्या म्हणाली, "कुणाचं उष्टं खायचं न्हाई, हे अक्षरांच्या आधी शिकवलंय की तुला."

खरंच आहे. शाळेच्या आधी सगळं तिनंच शिकवलं. खोटं बोलू नये, हेसुद्धा.

७ जानेवारी

ऑफिसात जेवताना फरहीननं वांग्याची भाजी पुढे केली. मी म्हणाले, डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलंय. — अजून डॉक्टरकडे गेलेच नाही!

"माझा डबा बाहेरचा कधीपासनं झाला गं?" ती हसली. मग झाकण लावलं.

१० जानेवारी

निदान खोटं खरं तरी व्हावं म्हणून शाहूपुरीत कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी काहीच बंद केलं नाही. पोटात जळजळतं का, विचारलं. जळजळतं. मग शौचाची तपासणी! डबी पिशवीत, पिशवी पर्समध्ये — केएमटीच्या बसमध्ये ती पर्स मांडीवर ठेववेना.

१३ जानेवारी

पोटात जंतुसंसर्ग आहे, जुना. डॉक्टर म्हणाले, "कधी कधी त्यानंही अंगावर पित्त उठतं. तुमचं त्यानंच, असं छातीठोक सांगत नाही. पण जंतू आहेत तर औषध घ्यायचं."

मैत्रिणीच्या डब्यातून आला असेल का, मी विचारलं.

"बहुतेकदा लहानपणीच येतो. घरातनं."

घरी एवढंच सांगितलं — पोटात जंतू आहेत. आत्याचे डोळे भरले. "केवढीशी होतीस! काय पोटात ठरायचं न्हाई. भाकरी चावून, मऊ करून भरवायची मी. तवा कुठं जगलीस."

चावून!

तिच्याकडे बघवेना. तिला कुठल्या तोंडानं सांगू?

तेवढ्यात आई — "बघ, मी म्हणत न्हवते? त्या पोरीकडनंच आलं."

मी मान हलवली. हो म्हणून. आत्याला वाचवायला फरहीनला पुढे केलं.

१८ जानेवारी

गोळ्यांनी तोंड कडू. फरहीन आता खिडकीपाशी एकटी जेवते. म्हणते, "मसाल्याच्या वासानंबी उठत असंल तर? नको बाई." तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी

गोळ्या संपल्या. अंग स्वच्छ! आत्यानं घोंगडी उन्हात टाकली. मी खिडकीपाशी जाऊन सांगितलं — डॉक्टरांनी काही बंद केलं नव्हतं. घरच्यांचं ऐकून मीच खोटं बोलले.

"म्हाईत हाय," फरहीन घास चावत म्हणाली. "तुला धड खोटं बोलाय तरी कुठं येतंय?"

बऱ्याच वेळानं डबा माझ्याकडे सरकवला. मी खाल्लं.

३१ जानेवारी

सकाळी पाठभर गांधी. आई म्हणाली, "खाल्लंस न्हवं तिच्या डब्यातलं?"

"व्हय," मी म्हणाले. "आणि आजबी खाणार."