‘नाही’वरची खूण

नाशिक, १४ मार्च २००७, संध्याकाळ

आज सर्वेक्षणासाठी पेठकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. पहिलाच प्रश्न, ‘हवामानबदलाबद्दल ऐकलंय का?’ अंगणात बसलेल्या मावशी म्हणाल्या, “नाय बा.” मी ‘नाही’वर खूण केली.

मग तांब्याभर पाणी देत त्या सांगू लागल्या, “आधी होळीपर्यंत झरा वाहायचा. आता संक्रांतीलाच खडक दिसतो. नागलीच्या रोपांसाठी वाफ्यावर पालापाचोळा टाकून राब कधी भाजायचा, तेबी कळत नाय.” हे लिहायला फॉर्मवर जागाच नव्हती.

ऑफिसात साहेब म्हणाले, फॉर्म स्वच्छ भरलेत. मला मात्र ती खूण छळतेय. खोडायला हवी होती का?

मला कुणी विचारलं असतं, तर मी लगेच ‘होय’ म्हणालो असतो. पेपरात वाचलंय ना. मावशींचं पाणी मी घटाघट प्यायलो. ते कुठून आणलं, एवढंही विचारलं नाही.